हेल्मेटमधला इंटरकॉम: कोकणातला एक आठवडा आणि नंतरचे आठ महिने

इंटरकॉम म्हणजे गाडीवरच्या दोघांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून हेल्मेटात लावायचं स्पीकर-माइकचं यंत्र. पहिल्यांदा ते बसवण्याचं सांगते, कारण 'आवाज बारीक येतो' ही तक्रार बहुतेक वेळा तिथेच सुरू होते. स्पीकर कानाच्या भोकासमोरच यायला हवा. बोटभर वरखाली झाला तरी आवाज अर्धा. निघायच्या आदल्या रात्री आम्ही दोघं ओट्यावर दोन हेल्मेटं उघडून बसलो होतो. मी शक्कल काढली: त्याच्या कानाला काजळ लावायचं, हेल्मेट घालायचं, डाग उठेल तिथे स्पीकर. हेल्मेट डोक्यात जाताना काजळ कानापासून कल्ल्यांपर्यंत फरफटलं. शेवटी त्याने हेल्मेट घालून खालून बोट आत सरकवलं, कान चाचपला आणि म्हणाला, "इथं. आता मी हलत नाही, तू लाव." मी तिथेच वेल्क्रो दाबलं. हीच पद्धत बरोबर आहे, काजळ वाया घालवू नका.

तर फेब्रुवारीतली गोष्ट. साडेतीनशे सीसीची गाडी माझी, चालवणार मी, मागे तो. तो नागपूरचा, आणि ओळख होऊन जेमतेम अडीच महिने झालेले. पुण्याहून ताम्हिणी उतरून हरिहरेश्वर, तिथून खाड्या फेरीबोटीने ओलांडत गणपतीपुळे, परत येताना आंबा घाट. सात दिवस "काय? काय म्हणालीस?" असं ओरडून घसा बसवण्यापेक्षा साडेसात हजार गेलेले बरे, असा हिशोब केला. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडायला वेळ नाही.

पहिले दोन दिवस मला वाटलं, त्याचा माइक बिघडलाय. ताम्हिणीत मी बोलतेय, डावीकडे बघ, ती दरी बघ, आणि मागून चकार शब्द नाही. सपाटीला आलो की आवाज परत सुरू. हरिहरेश्वरला रात्री मी माहितीपत्रक पालथं घातलं, दोन्ही यंत्रांची एकमेकांशी जोडणी तोडून पुन्हा केली. समोर बसून साहेब सुरमईचे काटे काढत होते. काही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बागमांडल्याला गाडी बोटीत चढवली, वेश्वीला उतरलो, वेळास बघून केळशीकडे निघालो. तिकडचा रस्ता म्हणजे चढ, वळण आणि वळणावर नेमकी एसटी. आणि माझ्या कानात बारीक आवाजात सुरू झालं, "हळू घे माय, हळू घे, हळू, हळू... ओ बाप्पा." पुढच्या वळणावर पुन्हा. त्याच्या पुढच्या वळणावरही. गाडी बाजूला घेतली तेव्हा उलगडा झाला. यंत्राच्या मागच्या कडेला म्यूटचं बटण आहे. घाट लागला की हा ते दाबत होता. आज हातमोज्यामुळे नीट दाबलं गेलं नव्हतं.

"अरे, पहिल्याच दिवशी सांगायचं ना!"

"तू एवढी खूश दिसून राहिली होती. काहून मूड खराब करू?"

इथे माझी खरी तक्रार: समोरच्याने म्यूट केलं की आपल्याला बीप नाही, काही नाही. आपण एकटेच बडबडत राहतो. एक स्टार इथेच कापला.

मग मी वेग चाळिसावर आणला. त्याचा फायदा असा की चाळीस ते पन्नासच्या वेगात आवाज खरंच स्वच्छ येतो. सत्तरच्या पुढे वारा इतका घुसतो की फोन घ्यायचाही विचार करू नका. मधेमधे नकाशावाली बाई तोंड घालते, तेही नेमकं तो काहीतरी सांगत असताना. आंजर्ल्याच्या अलीकडे तो त्याच्या पहिल्या नोकरीचं काहीतरी मनातलं बोलत होता आणि ही म्हणे, दोनशे मीटरवर उजवीकडे वळा. नकाशाचा आवाज बंदच ठेवा, रस्ता विचारायला टपऱ्या आहेत.

दाभोळला वाशिष्ठीची खाडी. बोटीत मी गाडीजवळ उभी, तो पार दुसऱ्या टोकाला, मधल्या खांबाला धरून. हेल्मेट अजून डोक्यात. बोटीतली माणसं बघत होती.

"हेल्मेट काढ ना."

"राहू दे. एक सांगायचं होतं. मला पोहता येत नाही."

"बरं."

"पुढे अजून किती बोटी आहेत?"

"एकच. तवसाळ ते जयगड."

त्यानंतर धोपाव्याचा धक्का येईपर्यंत कानात फक्त श्वास. समोरासमोर बसून कॉफी पिताना अडीच महिन्यांत हा माणूस मला इतकं सरळ काही बोलला नव्हता.

बॅटरीचं: खोक्यावर बारा तास लिहिलंय, मला सात-साडेसात मिळाले. शेवटच्या दिवशी आंबा घाट, कराड करत साताऱ्याच्या अलीकडे दोन्ही बंद पडले आणि त्याच्या मावशीच्या लग्नातली हकिकत अर्धी राहिली. पुण्यात चहा पिताना त्याने ती पुरी केली, पण गाडीवर रंगली होती तेवढी रंगली नाही.

त्यानंतर पावसाळा. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण जुलैत गळून पडलं आणि उजवा स्पीकर खरखरायला लागला. सर्व्हिसला पाठवला, तीन आठवड्यांनी नवी वायर लावून आला, झाकण नाहीच. आता तिथे इलेक्ट्रिशियनची काळी टेप आहे. माइकवरचा फोम कुठेतरी उडाला, भांडी घासायच्या नव्या स्पंजाचा तुकडा कापून लावलाय. फरक कळत नाही.

घेणार असाल तर मागच्यालाही पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट द्या. त्याचं आधीचं उघडं होतं, त्यात माइकला नुसता वारा. पाचपैकी साडेतीन.

घाटात तो आता म्यूट करत नाही. डिसेंबरात मुरूडला जायचं चाललंय. दिघीवरून आगरदांड्याला बोटीने जायचंय, हे अजून सांगितलेलं नाही.