लॉस झाल्यावर ट्रेडिंगव्ह्यूचं पेपर ट्रेडिंग: मोफत आणि कामाचं, पण आधी सेटिंग बदला

कापसाचा किंवा सोयाबीनचा चुकारा खात्यात पडला की त्यातले दहा-वीस हजार क्रिप्टोत टाकणारी पोरं आता यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांतही भेटतात. लॉस झाला की बहुतेकांचं पुढचं पाऊल ठरलेलं असतं. त्याच रात्री रक्कम वाढवून पुन्हा ट्रेड, म्हणजे ‘रिकव्हरी’. खातं खरं रिकामं होतं ते या रिकव्हरीत. २० टक्के गेले तर मूळ रकमेवर यायला २५ टक्के कमवावे लागतात, ५० गेले तर १०० आणि ८० गेले तर तब्बल ४००. म्हणून मोठ्या लॉसनंतर काही आठवडे खरा पैसा बाजूला ठेवावा आणि खऱ्या भावावर, पण खोट्या पैशाने हात बसवावा. त्यासाठी ट्रेडिंगव्ह्यू या भावाचे चार्ट दाखवणाऱ्या अ‍ॅपचं ‘पेपर ट्रेडिंग’ चांगलं आहे आणि ते मोफत खात्यातही मिळतं.

जोडणीला पाच मिनिटं पुरतात. बिटकॉइनचा चार्ट उघडायचा, ट्रेडिंग पॅनेलमध्ये पेपर ट्रेडिंग निवडायचं आणि कनेक्ट करायचं. मोबाईलवरही चालतं. क्रिप्टोचे भाव मोफत खात्यातही थेट दिसतात.

गडबड होते ती यानंतर. सुरुवातीलाच खात्यात १,००,००० डॉलर टाकलेले असतात. एवढ्या रकमेवर सराव केला तर शिस्त लागायची सोडून बिघडते, कारण ५०० डॉलरचा लॉसही तिथे किरकोळ वाटतो. म्हणून पहिलं काम म्हणजे खातं रिसेट करून शिल्लक आपल्या खऱ्या रकमेइतकी करणं. २०,००० रुपये उरले असतील तर त्या दिवशीच्या दराने होतील तेवढे डॉलर टाका; इथे हिशोबासाठी २५० धरू. सेटिंगमध्ये क्रिप्टोचं लिव्हरेज, म्हणजे आपल्या रकमेच्या किती पट सौदा करता येतो ते, १ वर आणा. फ्युचर्समध्ये, म्हणजे कॉइन हातात न घेता त्याच्या भावावर केलेल्या सौद्यात, १० पट लिव्हरेज घेतलं की भाव उलट दिशेने १० टक्के जायच्या आधीच पोझिशन (चालू सौदा) आपोआप कापली जाते, आणि क्रिप्टोत १० टक्के ही काही मोठी हालचाल नाही. कमिशनही शून्य ठेवू नका. आपल्या एक्स्चेंजची, म्हणजे जिथे क्रिप्टो घेतो-विकतो त्या अ‍ॅपची, फी ०.२ टक्के असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ०.२३६ टक्के भरा. एवढं केल्यावरच आकडे खऱ्याच्या जवळ येतात.

आता रक्कम ठरवायची रीत. एका ट्रेडमध्ये शिलकीच्या १ टक्क्याहून जास्त जाऊ द्यायचं नाही, म्हणजे २५० वर अडीच डॉलर. स्टॉपलॉस, म्हणजे लॉस वाढू नये म्हणून आपोआप विकायचा ठरवलेला भाव, खरेदीच्या भावाच्या ४ टक्के खाली असेल तर अडीच भागिले ०.०४, म्हणजे साडेबासष्ट डॉलरची पोझिशन. बिटकॉइन १,००,००० डॉलरवर धरला तर ०.०००६२ बिटकॉइन, स्टॉप ९६,००० वर. ऑर्डर टाकतानाच त्याच चौकटीत स्टॉपलॉस आणि टेक प्रॉफिट (नफा घेऊन विकायचा भाव) दोन्ही भरता येतात, आणि ही या सोयीतली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. स्टॉप ‘नंतर लावू’ म्हटला की तो लागत नाही, हे लॉस झालेल्या अनेक खात्यांत दिसतं. दुसरी चूक म्हणजे भाव स्टॉपजवळ आला की स्टॉप खाली सरकवणं. पेपर ट्रेडिंगमध्ये तो एका बोटाने सरकतो, अडवणारं कोणी नाही. तिथे वहीच लागते.

वही साधी, दुकानातलं दोनशे पानी रजिस्टर चालेल. रकाने असे पाडा: तारीख-वेळ, भाव, स्टॉप, रक्कम, का घेतला, स्टॉप हलवला का, निकाल. ‘का घेतला’ हा रकाना ऑर्डरच्या आधी भरायचा. ‘आधाराच्या पातळीवरून दोनदा उसळला, दिवसाची कँडल वर बंद’ हे कारण आहे (आधाराची पातळी म्हणजे भाव पडायचा थांबतो ती जागा, कँडल म्हणजे चार्टवरची त्या दिवसाच्या भावाची उभी पट्टी). ‘चढत होता’, ‘ग्रुपवर आलं’, ‘कालचे काढायचे होते’ ही कारणं नाहीत. तसं लिहावं लागलं तर ऑर्डर टाकायचीच नाही. सलग दोन लॉस झाले की त्या दिवशी पान बंद.

आपल्याकडे रात्रीचा धोका वेगळा आहे. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला ओलीत करायचं तर शेतीपंपाची लाईन अनेकदा रात्रीच मिळते. मोटर चालू करून माणूस वावरात बसतो आणि हातात मोबाईल असतो. हिवाळ्यात अमेरिकेचा शेअर बाजार आपल्या घड्याळाने रात्री ८ ला उघडतो, तिथले महागाईचे आकडे संध्याकाळी ७ ला येतात आणि फेडच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, व्याजदराचा निर्णय रात्री १२.३० ला. भावाला मोठे झटके बसतात ते अशा वेळी. झोपेला आलेला, दिवसा लॉस खाल्लेला माणूस नेमका तेव्हा ट्रेड घेतो. यावर उपाय म्हणजे ट्रेडिंगव्ह्यूचा अलर्ट, ठरवलेला भाव आला की येणारी सूचना. तो कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, अ‍ॅप बंद असलं तरी सूचना येते, त्यामुळे चार्टकडे डोळे लावून बसायची गरज उरत नाही. मोफत खात्यात अलर्ट मोजकेच मिळतात आणि त्यांना मुदत असते; संपली की पुन्हा लावा. वावरात रेंज गेली तर सूचना उशिरा येईल, म्हणून अलर्टला स्टॉपलॉसचा पर्याय समजू नका.

रिप्लेची, म्हणजे जुना चार्ट पुन्हा चालवून बघायची, सोयही वापरा. मोफत खात्यात ती मर्यादित आहे, पण दिवसाच्या कँडलवर भागतं. नोव्हेंबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२ हा काळ लावा. बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या जवळून १६,००० च्याही खाली गेला. मध्ये मे २०२२ ला टेरा-लुना हे कॉइन कोसळलं, नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज. पडत्या भावात आणखी खरेदी करून अ‍ॅव्हरेज करत राहिलं असतं तर पैसा किती महिने अडकला असता, हे एकेक कँडल पुढे सरकवताना उघड दिसतं.

उणिवाही मोठ्या आहेत. इथे ऑर्डर दिसत्या भावाला सहज भरते. खऱ्या एक्स्चेंजवर, विशेषतः रुपयातल्या छोट्या कॉइनच्या जोडीत, खरेदी-विक्रीच्या भावात मोठं अंतर असतं. स्टॉप-लिमिट (भाव स्टॉपला लागला की ठरवलेल्या लिमिटच्या भावाला विकायची ऑर्डर) लावताना लिमिट स्टॉपच्याच भावाला ठेवली तर जोरदार पडझडीत भाव तिला ओलांडून जातो, ऑर्डर तशीच लटकते आणि लॉस वाढत राहतो. लिमिट स्टॉपपेक्षा थोडी खाली ठेवा.

दुसरी उणीव कराची. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. २०,००० ची दहा वेळा उलाढाल केली की जवळपास २,००० रुपये रिटर्न भरेपर्यंत अडकले. नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, शिवाय एका कॉइनचा लॉस दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षातही नेता येत नाही. एकात १२,००० नफा आणि दुसऱ्यात १५,००० लॉस झाला तर खिशातून ३,००० गेलेच, वर १२,००० वर ३,७४४ रुपये कर. रिकव्हरीसाठी ट्रेडची संख्या वाढवणाऱ्याला हा हिशोब सर्वांत आधी माहीत हवा. पेपर ट्रेडिंग तो दाखवत नाही, म्हणून रजिस्टरमध्ये टीडीएस आणि कर असे आणखी दोन रकाने पाडा.

खऱ्या पैशाकडे कधी परतायचं? पेपरवर नफा झाला म्हणून नाही. सलग ३० ट्रेडमध्ये प्रत्येकाला स्टॉप होता, एकही खाली सरकवला नाही आणि ‘का घेतला’ रिकामा राहिला नाही, एवढं रजिस्टरमध्ये दिसलं की परता. पहिला महिना जोखीम अर्धा टक्का, म्हणजे २०,००० वर १०० रुपये. पीककर्जाचा किंवा बियाणं-खताचा पैसा यात घालू नका. वरचा सशुल्क प्लॅन या कामासाठी घ्यायची गरज नाही.