‘फुली कुली’ची डीव्हीडी: काही महिने वापरल्यानंतर

नवा डीव्हीडी प्लेअर घ्यायला जाल तेव्हा दुकानात एक प्रश्न आधी विचारा: रीजन 1 ची, म्हणजे अमेरिकेत विकण्यासाठी काढलेली, डिस्क चालते का? मी विचारला होता. “सगळं चालतं सर,” असं उत्तर मिळालं. घरी आणून ‘फुली कुली’ या जपानी ॲनिमेची (ॲनिमेशन मालिकेची) पहिली डिस्क घातली, तर पडद्यावर चुकीच्या रीजनची पाटी. माझ्या जुन्या प्लेअरवर कंपनीचं धड नावही नव्हतं, पण तो मिळेल ती डिस्क मुकाट्याने चालवायचा. तो बंद पडला म्हणून नावाजलेल्या कंपनीचा घेतला, तर ही तऱ्हा. कस्टमर केअरचं म्हणणं, रीजन बदलता येत नाही. दुकानदाराचं म्हणणं, खोका उघडलाय, आता परत घेणार नाही. दोघांशी आठवडाभर वाद घातला, हाती काही लागलं नाही.

याची मला खरोखर चीड आहे. डिस्क जगाच्या ज्या भागासाठी काढलेली, त्याच भागाच्या प्लेअरवर चालावी म्हणून हे रीजन: डीव्हीडीसाठी अमेरिका रीजन 1, जपान 2 आणि भारत 5. म्हणजे जपानमध्ये बनलेली, अमेरिकेत छापलेली आणि पुण्यात रोख पैसे मोजून घेतलेली डिस्क माझ्याच घरात मला बघता येत नाही. चोरून उतरवून घेणाऱ्याला कसलाच अडथळा नाही, सगळा त्रास विकत घेणाऱ्याला. शेवटी लॅपटॉपला लावायचा बाहेरचा ड्राइव्ह घेतला आणि तो रीजन 1 वर ठेवला. असे ड्राइव्ह रीजन फक्त 5 वेळा बदलू देतात, मग शेवटचा रीजन कायमचा पक्का होतो. त्यामुळे तो ड्राइव्ह आता फक्त याच कामाला. भारतातल्या डिस्क नव्या प्लेअरवर चालतात.

अवघ्या 6 भागांसाठी एवढा खटाटोप का, असं घरी विचारलं गेलंच. कारण ही मालिका डिस्कवर बघण्यासाठीच बनलेली आहे. गायनॅक्स आणि प्रोडक्शन आय.जी. या ॲनिमेशन स्टुडिओंनी ती टीव्हीसाठी काढली नव्हती. जपानमध्ये एप्रिल 2000 ते मार्च 2001 या काळात एकेक भाग सुटा विकला गेला. प्रत्येक भाग साधारण 25 मिनिटांचा, आणि पुढचा येईपर्यंत घेणाऱ्याच्या हाती तेवढाच. दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी आणि लेखक योजी एनोकिदो यांनी एकेका मिनिटात इतकं ठासून भरलंय, कारण हा भाग पुन्हा पुन्हा लावला जाणार हे त्यांना ठाऊक होतं. अमेरिकन टीव्हीवर ती 2003 मध्ये आली, पण तिथेही दोन-दोन भागांच्या 3 डीव्हीडी निघाल्या. माझ्याकडे त्याच आहेत, जुन्या बाजारातून घेतलेल्या.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पहिल्या भागात हारुको ही बाई नाओता या मुलाच्या घरी कामाला येऊन राहते आणि घरातली मंडळी एकदम मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, पानावर जातात. कॅमेरा छापील चौकटींवरून सुसाट धावतो, चौकटींतली माणसं हलतात, फुग्यांत अक्षरं, आणि बाप-आजोबा-हारुको एकमेकांचं वाक्य तोडत बोलत सुटतात. हे दृश्य सबटायटल लावून बघणं म्हणजे अर्धं दृश्य वाया घालवणं. डोळे खालच्या ओळीत अडकतात आणि वर काढलेल्या चौकटी निघून जातात. शिवाय सबटायटल नेमक्या खालच्या चौकटीवर बसतात. सुरुवातीचे काही आठवडे मी थांबवून वाचायचो, मागे नेऊन चित्र बघायचो. त्यात विनोदाची लयच जाते.

ॲनिमे मूळ जपानी आवाजातच बघायचं हा माझा इतक्या वर्षांचा शिरस्ता. या डिस्कने तो बदलला. रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबून इंग्रजी आवाज लावला, सबटायटल बंद केले, आणि तेच दृश्य पहिल्यांदा पूर्ण दिसलं. इंग्रजीतली कारी वाल्ग्रेनची हारुको जपानीतल्या मायुमी शिनतानीच्या हारुकोइतकी वेडीवाकडी नाही, शिनतानीच्या आवाजाला तोड नाही. पण डोळे मोकळे राहतात. त्यानंतर इंग्रजीत चित्र बघायचं आणि नंतर जपानीत आवाज ऐकायचा, हा क्रम मी ठरवून टाकला. एकाच डिस्कवर दोन्ही आहेत, बटण दाबलं की झालं. पाचव्या भागात केस कापण्याचं दृश्य ‘साऊथ पार्क’ या अमेरिकन कार्टूनच्या ढंगात आहे, तिथेही हेच करा. आणि सहाव्यात मांगाची चौकट पुन्हा येते तेव्हा एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा. काढणाऱ्यांनी किती मान मोडून काम केलंय ते तेव्हा कळतं.

डिस्कवर दिग्दर्शकाची कॉमेंट्री आहे, म्हणजे भाग चालू असताना तो त्यावर बोलतो. तिच्याबद्दल मला फारशी आशा नव्हती, जागा भरायला टाकली असेल असं वाटायचं. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी ऐकली आणि मत बदललं. त्सुरुमाकी काय ठरवून केलं आणि काय सहज घडलं ते साधेपणाने सांगतो, कोडी उलगडून दाखवण्याचा आव आणत नाही. मालिकेतल्या मेडिकल मेकॅनिका कंपनीचा इस्त्रीच्या आकाराचा कारखाना, कपाळातून निघणारे यंत्रमानव, याचा अर्थ काय म्हणून ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी आधी ही कॉमेंट्री ऐकावी.

चित्राबद्दल: या डीव्हीडीत चित्र 480 आडव्या रेघांचं. मोठ्या टीव्हीवर कडा मऊ दिसतात, लॅपटॉपवर काही त्रास नाही. अमेरिकेत 2011 पासून ब्लू-रे आहे, पण ब्लू-रेच्या रीजनमध्येही अमेरिका ए आणि आपण सी, त्यामुळे घेण्याआधी खोक्यामागचं अक्षर बघा. मी पुन्हा पैसे घालणार नाही.

आवाजासाठी मात्र हेडफोन लावा. द पिलोज या बँडची बरीचशी गाणी त्यांच्या आधीच्याच अल्बममधली आहेत, पण संवादांखाली ती पार्श्वसंगीतासारखी वाजत राहतात आणि ऐन मोक्याला वर येतात. चौथ्या भागाला याचा सगळ्यात जास्त फायदा झालाय. नाओताचा भाऊ बेसबॉल खेळायला अमेरिकेला गेलेला, हा त्याची बॅट मिरवतो पण चेंडू आला की फिरवतच नाही. आणि त्याच पोराला आभाळातून पडणारा उपग्रह टोलवायचा असतो. इतका धुडगूस घालणाऱ्या मालिकेत बारा वर्षांच्या मुलाची भीती इतकी खरी आहे, म्हणून मी तिला नुसती विनोदी म्हणत नाही.

2018 मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह’ आणि ‘अल्टरनेटिव्ह’, 2023 मध्ये ‘ग्रंज’ आणि ‘शूगेझ’ अशा पुढच्या मालिका निघाल्या. त्यांच्या डिस्क मी घेणार नाही. त्या पैशांत तिसऱ्या डिस्कची चांगली प्रत शोधतोय, माझ्या प्रतीवर सहाव्या भागाच्या मध्यावर ओरखडा आहे आणि मांगाचं दृश्य तिथेच अडकतं.