कोर्ट नाक्याजवळचं जुन्या पुस्तकांचं दुकान, ज्युनिअर वकिलांनी तर जावंच

ठाण्यात कोर्ट नाक्याहून जांभळी नाक्याकडे जाताना आतल्या गल्लीत आहे, पार्किंग विसरा, स्टेशनवरून चालत या. बाहेर सगळी बारावीची गाईडं आणि एमपीएससीचे गठ्ठे लावलेत त्यामुळे लोक बघून पुढे जातात, पण आत खालच्या कप्प्यात कायद्याचं बरंच काही आहे. बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) घेऊ नका, जुने असतात, चरित्रं बघा.

मला अमेरिकेतल्या जुन्या वकिलांवरचं एक जाडं पुस्तक मिळालं, १५० सांगितले, १२० ला दिलं. त्यातल्या ल्यूथर मार्टिनच्या प्रकरणातच पैसे वसूल! हा माणूस मेरीलँड राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील, १७७८ ते १८०५ सलग. १७८७ ला फिलाडेल्फियात राज्यघटना बनत होती तिथे छोट्या राज्यांना मोठ्यांएवढीच मतं हवीत म्हणून तीन तासांच्या वर बोलला, तेही एका दिवसात संपलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत चालू (आपल्याकडे असे सिनिअर सगळ्यांनी बघितलेत), आणि शेवटी सही न करताच निघून गेला. घरी जाऊन विरोधात प्रचार केला तरी मेरीलँडने ६३ विरुद्ध ११ ने घटना मंजूर केलीच. दारू मात्र प्रचंड. तरी १८०७ मध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष एरन बर देशद्रोहाच्या केसमधून सुटला त्यात बचावाच्या वकिलांमध्ये हा होताच.

१८१९ मध्ये लकवा मारला, पैसा शिल्लक नाही. मग १८२२ ला मेरीलँडने कायदाच केला की राज्यातल्या प्रत्येक वकिलाने वर्षाला ५ डॉलर भरायचे, ते मार्टिनच्या खर्चाला. आपण वकालतनाम्यावर (अशिलाने वकिलाला दिलेल्या अधिकारपत्रावर) वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट लावतो ते निदान सगळ्यांच्या फंडात जातं, इथे एकट्या माणसासाठी! पुढच्याच वर्षी रद्द झाला म्हणा. शेवटी त्याला न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या घरी ठेवून घेतलं कोणी, तर त्याच बरने. १८२६ ला तिथेच गेला.

दुकानाचे काका कमी बोलतात पण स्टूल देतात आणि तासभर वाचत बसलं तरी काही म्हणत नाहीत. एक स्टार कापला कारण शेवटच्या पानांना कसर लागलेली, विचारलं तर म्हणे बघून घ्यायचं ना, आणि परत घेत नाहीत. जीपे चालतं.