नेपियरला नीम कोटेड युरिया: अर्ध्या गोणीचा हिशोब

४५ किलोची गोणी, ४६ टक्के नत्र, म्हणजे जेमतेम २०.७ किलो. फुले जयवंतसारख्या संकरित नेपियर चारा गवताला दर कापणीनंतर हेक्टरी २५ किलो नत्र द्यायचं तर एकरी २२ किलो युरिया, साधारण अर्धी गोणी.

दाण्यांवरच्या निंबोळीच्या तेलाच्या लेपामुळे, युरियापासून जमिनीत बनणाऱ्या अमोनियमचं नायट्रेट हळू होतं. त्यामुळे मुसळधार पावसात नत्र निचऱ्याबरोबर खाली जाणं, किंवा पाणी साचल्यावर वायू होऊन उडणं कमी होतं. हल्ली महिनाभराचा पाऊस चार दिवसांत कोसळतो, तिथे हा गुण खरंच कामाचा.

पण उन्हापुढे हे खत लंगडं. युरियाचा अमोनिया करणारं जमिनीतलं विकर, युरिएज, निंबोळीला फारसं जुमानत नाही. तापलेल्या, नुसत्या ओलसर जमिनीवर दाणे फेकले की दुसऱ्या दिवशी डोळ्यांना झोंबणारा वास येतो. तो वास म्हणजे आपलेच पैसे. चुनखडीच्या काळ्या रानात तर जास्तच. म्हणून कापणीनंतर तीन-चार दिवसांनी, संध्याकाळी, ओळीलगत चर पाडून द्या, मातीआड करा आणि लगेच हलकं पाणी सोडा. ओल्या फुटव्यांवर दाणे अडकले तर पोंगा (मधला कोवळा कोंब) करपतो.

पावसाने ताण दिला असेल तर हात आखडता घ्या. सुकलेल्या गवतात नायट्रेट साठतं, जनावराला विषबाधा होते.

गोणी उघडी ठेवली की ढेकळं होतात. एकूण, हे खत पावसाळ्यासाठी चांगलं, एप्रिल-मेमध्ये पाण्याची खात्री नसेल तर घेऊ नका.