८४ की ३००? धातूच्या सीलिंग पट्ट्यांच्या रुंदीची पारख

कॅटलॉगमधल्या फोटोत ३०० मिमीची पट्टी सगळ्यात देखणी दिसते. त्या फोटोत बाजूने ऊन येत नसतं आणि छतात एकही स्प्रिंकलर नसतो. लॉबीत, ओपीडीत किंवा स्टेशनवर या दोन्ही गोष्टी असतात. म्हणून ॲल्युमिनियमच्या लांब पट्ट्या निवडताना आधी मॉड्यूल बघावं, म्हणजे पट्टी अधिक फट.

८४ ची पट्टी आणि १६ ची फट मिळून मॉड्यूल होतं १०० मिमी. चौरस मीटरला १० रनिंग मीटर माल, कॅल्क्युलेटर लागत नाही. या रुंदीत ०.५ मिमी पत्राही सरळ राहतो, कारण दोन्ही वळवलेल्या कडा जवळजवळ असतात आणि मधला सपाट भाग लहान असतो. कॅरिअर, म्हणजे पट्ट्या जिच्यात अडकतात ती वरची आडवी रेल, एखादा मिलिमीटर वरखाली झाला तरी इतक्या फटींमध्ये नजर तिथे अडकत नाही. खोट आहे ती लाइटची. १५० मिमीचं भोक दोन पट्ट्या खातं. कड कापली की पट्टीची कॅरिअरवरची पकड जाते, म्हणून मागे पत्र्याची फ्रेम द्यावी लागते आणि लाइटचं वजन स्वतंत्र तारेने स्लॅबला टांगावं लागतं. ही फ्रेम वाचवायला गेलं की काही महिन्यांत लाइटभोवती पोट पडतं.

३०, ८०, १३० आणि १८० अशा मिश्र रुंद्यांच्या सिस्टिममध्ये फट २० मिमी असते. मॉड्यूल ५०, १००, १५०, २००. सगळी ५० च्या पटीत, त्यामुळे एकाच कॅरिअरवर हव्या त्या क्रमाने बसतात. या श्रेणीतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. मात्र उघडी जागा फार बदलते: ३० च्या पट्टीत छताचा ४० टक्के भाग फट असतो, १८० च्या पट्टीत फक्त १०. रिटर्न एअर (एसीकडे परत जाणारी हवा) फटींतून घ्यायची असेल किंवा आवाज शोषायला वर फ्लीस, म्हणजे न विणलेलं कापड, टाकायचं असेल, तर हा आकडा आधी बघा. ३० ची पट्टी चौरस मीटरला २० रनिंग मीटर खाते, वर मजुरी वेगळी. रिसेप्शनच्या डोक्यावर शोभते, पूर्ण हॉलला नाही. आणि फटींतून डक्ट दिसू नये म्हणून वरचं सगळं काळं रंगवावं लागतं, हा खर्च कोटेशनमध्ये सहसा नसतो.

आता ३००, बंद जोडाची, म्हणजे बिनफटीची. उंच, मोठ्या हॉलला ती खरंच शोभते, पण माफ काहीच करत नाही. पातळ पत्रा एवढ्या रुंदीत लहरतो आणि बाजूने ऊन आलं की प्रत्येक लहर दिसते. पत्रा ०.७ मिमीच्या खाली घेऊच नये, फिनिश मॅट ठेवावं आणि पट्टीची लांबी खिडकीच्या दिशेने लावावी. आडवी लावली तर प्रत्येक जोडाची सावली पडते. भिंतीकडचा हिशेबही इथेच चुकतो. ४३५० मिमी रुंद हॉलमध्ये १४ पूर्ण पट्ट्या मधोमध लावल्या तर दोन्ही कडांना ७५ मिमीची चिरफळी उरते. १३ लावा, कडेला २२५ येईल आणि कापलेली बाजू वॉल अँगलवर (भिंतीला ठोकलेल्या एल आकाराच्या पट्टीवर) नीट टेकेल.

रुंदी कोणतीही असो, टोकाला पट्टी लांबायला जागा सोडा. ५ मीटरची ॲल्युमिनियम पट्टी ३० अंश तापमान वाढलं की साधारण ३.५ मिमी लांबते. टोकं भिंतीला घट्ट भिडवलेल्या पट्ट्या उन्हाळ्यात मधेच वर-खाली वाकतात आणि दोष फिटरवर येतो. मेटॅलिक रंग असेल तर पट्टीवरच्या संरक्षक फिल्मवरचे बाण सगळीकडे एकाच दिशेला हवेत, नाहीतर एकाच रंगाच्या दोन छटा दिसतात.

कॉरिडॉरमध्ये ८४ ची पट्टी आडवी घ्यावी. २ मीटरच्या पॅसेजात मधे जोड लागत नाही आणि पाइप गळला की दोन-चार पट्ट्या काढून माणूस आत बघू शकतो. ३०० ची एक पट्टी काढायची म्हटली की कड दुमडतेच. म्हणून वर व्हॉल्व्ह असेल तिथे ट्रॅप डोअर ड्रॉइंगमध्येच दाखवून घ्या.