दुकानाच्या कॉम्प्युटरचं अपडेट: बंद करावं, आपोआप होऊ द्यावं की पुढे ढकलावं?

काउंटरवर गिऱ्हाईक खोळंबलंय आणि स्क्रीनवर "कॉम्प्युटर बंद करू नका, २७ टक्के". अशा वेळी फोन केला की कॉम्प्युटरवाला हमखास म्हणतो, "शेठ, अपडेटच बंद करून टाकतो." एक कॉम्प्युटर, एक टॅली आणि एक लेबल प्रिंटर एवढ्यावर धंदा चालणाऱ्याला हे पटतंही. तरी हो म्हणण्याआधी बाकीचे पर्याय शेजारी ठेवून बघा.

कायमचं बंद

फायदा एकच, कटकट नाही. पण तोही टिकेलच असं नाही, कारण विंडोज आपली बंद केलेली अपडेट सेवा बऱ्याचदा स्वतःच परत चालू करतं. तोटा किती मोठा असतो ते २०१७ मध्ये दिसलं. वॉनाक्राय हा फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं आणि हल्ला झाला १२ मे रोजी. जवळपास दोन महिने हातात असूनही ज्यांनी ते घेतलं नव्हतं, त्यांच्या फायलींना कुलूप लागलं. सहा वर्षांचा उधारीचा हिशोब एकाच मशीनमध्ये असेल तर हा पर्याय माझ्या लेखी बादच.

आपोआप, पण कामाचे तास सांगून

सेटिंगमध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' असतात. जास्तीत जास्त १८ तासांची मुदत देता येते आणि तेवढ्या वेळात मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही. ऑफिसात हे छान चालतं. दुकानात मात्र रात्री शटर ओढताना मेन स्विचच खाली जातो. मशीनला रात्र मिळतच नाही, मग राहिलेलं काम सकाळी बोहनीच्या वेळी पुढ्यात येतं. हा पर्याय घ्यायचा तर रात्री 'अपडेट अँड शट डाउन' दाबा, सीपीयूचा दिवा विझेपर्यंत थांबा आणि मगच मेन स्विचला हात लावा. मध्येच वीज गेली तर मशीन अर्धवट अवस्थेत अडकू शकतं, म्हणून यूपीएस हवाच. महावितरणचा देखभालीचा वारही लक्षात ठेवा.

थोडं पुढे ढकलणं

एकट्या मशीनवर धंदा असणाऱ्याने हेच करावं. 'पॉज अपडेट्स' विंडोजच्या साध्या, होम आवृत्तीतही आहे आणि सलग पाच आठवड्यांपर्यंत थांबता येतं. त्यानंतर आधी साठलेली अपडेट्स घ्यावी लागतात, मगच पुन्हा पॉज मिळतो. म्हणजे विसरलात तरी मशीन वर्षभर उघडं पडत नाही.

थांबण्याने काय मिळतं? ९ मार्च २०२१ चं अपडेट आठवा. त्यानंतर झेब्रा, रिको, क्योसेरा अशा काही प्रिंटरवर प्रिंट दिली की निळी स्क्रीन येऊन मशीन कोसळत होतं. १५ तारखेला दुरुस्ती आली. तरीही काही ठिकाणी छापलेल्या कागदावरून बारकोड गायब होत होते. त्याची दुरुस्ती १८ तारखेला आली. ज्याने दहा दिवस कळ काढली त्याला यातलं काहीच भोगावं लागलं नाही.

आता तारखा जुळवा. दर महिन्याचं मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतं, आपल्याकडे रात्री उशिरा. म्हणजे ८ ते १४ तारखेच्या दरम्यान. दरमहा जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं रिटर्न) २० तारखेला. नेमक्या याच दिवसांत डिजिटल सहीच्या, पेनड्राइव्हसारख्या टोकनने रुसून बसणं कुणालाच परवडत नाही. म्हणून ७ तारखेला तीन आठवड्यांचा पॉज टाका. २० नंतरच्या पहिल्या साप्ताहिक सुट्टीला आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. मग स्वतःहून अपडेट चालू करा. झाल्यावर एक बिल, एक लेबल छापून बघा आणि टोकन ओळखलं जातंय का तेही तपासा. महिन्याकाठी एखादा तास जातो. ऐन तारखेला रिटर्न रखडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

प्रो आवृत्ती विकत घ्यावी का?

एका मशीनसाठी नको. तीन-चार मशीन असतील, दोघे-तिघे हाताळत असतील, तर घ्या. प्रोमध्ये मासिक अपडेट ३० दिवसांपर्यंत आणि मोठं वार्षिक अपडेट ३६५ दिवसांपर्यंत मागे ठेवण्याचा नियम एकदा लावून ठेवता येतो. डाउनलोड करण्याआधी विचारायलाही सांगता येतं. दर महिन्याला कुणी आठवणीने बटण दाबायची गरज उरत नाही. होममध्ये ही सोय नाही.

विंडोज १० वर असाल तर गणित वेगळं आहे. त्याची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यानंतरची सुरक्षा अपडेट्स मिळण्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. मशीन टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेलं, जुन्या पिढीचं असेल तर विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही. अशा मशीनवर पॉजची चर्चा करण्यापेक्षा नव्या मशीनसाठी पैसे बाजूला काढायला लागा.

एवढं करूनही एखादं अपडेट बाधलंच तर फॉरमॅट मारू देऊ नका. 'अपडेट हिस्ट्री'त जाऊन ते अपडेट काढता येतं. मोठ्या वार्षिक अपडेटनंतर मात्र जुन्या आवृत्तीवर परत जायला साधारण दहाच दिवस मिळतात, त्यामुळे ते उरकल्यावर पहिल्या आठवड्यातच प्रिंटर, टोकन आणि टॅली सगळं वापरून बघा.