एईडी शिकायचंय: हार्टसेव्हर की बीएलएस?

एईडी म्हणजे हृदय अचानक बंद पडल्यावर विजेचा झटका देणारं यंत्र. ते शिकवणारे हार्टसेव्हर आणि बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) हे दोन्ही कोर्स अमेरिकन हार्ट असोसिएशनचे, दोन्हींचं कार्ड 2 वर्षं चालतं. रुग्णालयात काम करायचं असेल तर बीएलएसच करा. त्यात नाडी तपासणं, बॅग-मास्कने श्वास देणं, दोघांनी मिळून सीपीआर करणं (छातीवर दाब आणि श्वास देणं) येतं.

पण शिक्षक, जिमचे प्रशिक्षक, सोसायटीचे वॉचमन यांच्यासाठी मी हार्टसेव्हरच सुचवेन. त्यात नाडी शोधायची नसते, आणि हे फार बरं आहे. घाबरलेल्या बोटांना नाडी सापडत नाही, तेवढ्यात छातीवर दाब द्यायचा वेळ निघून जातो. एईडी दोन्हीकडे सारखंच: एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरं डाव्या काखेखाली. पुढचं यंत्रच बोलून सांगतं.

नुसत्या व्हिडिओवर प्रमाणपत्र देणारे वर्ग मात्र टाळा. पुतळ्यावर मिनिटाला 100 ते 120 दाब देताना दोन मिनिटांत हात भरून येतात, हे नुसतं बघून कळत नाही.